एक जूनला जन्मलेली मुलं

आमच्या केंद्रातल्या बारा शाळांमधली नऊशे बारा मुलं एकाच दिवशी जन्मली आहेत, हे इतकी वर्षं कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. संगणकाच्या आलं. दोन्ही कडांना भोकं असलेल्या, घडीवर घडी घातलेल्या लांबच लांब कागदावर त्याने ते छापून पाठवलं. अठ्ठ्याण्णव सालच्या जूनअखेरच्या एका सोमवारी पेणच्या कचेरीत मी तो कागद उलगडत खुर्चीवरून उठलो आणि दारापर्यंत गेलो, तरी तो संपला नव्हता. एक जून, एक जून, एक जून. साल निरनिराळं, दिवस तोच. एकूण मुलं अकराशे त्रेचाळीस. कागद घेऊन आलेली नम्रता दारातच उभी होती. ती बाजारात कॉम्प्युटर क्लास चालवायची आणि आमच्या शाळांची माहिती मशीनमध्ये भरायचं काम तिला मिळालं होतं. “सर, मशीन घेत नाय,” ती म्हणाली. मी विचारलं, काय घेत नाही? “एका तारखेला शंभरात पाचापेक्षा जास्त पोरं घेत नाय. तो म्हणतो, हे खोटं हाय.” तो कोण? “प्रोग्राम,” ती म्हणाली. नवीन सुनेने आतल्या खोलीत झोपलेल्या सासऱ्याबद्दल बोलावं, तसा तिचा आवाज बारीक झाला होता. मग खरं काय घालायचं, मी विचारलं. “ते तो सांगत नाय,” नम्रता म्हणाली. “दहा दिवसांत फ्लॉपी जायला हवी, एवढंच सांगतो.”

मी केंद्रप्रमुख. म्हणजे बारा शाळांचा प्रमुख आणि एकाही शाळेचा मास्तर नव्हे. वर्षभरापूर्वी दूरच्या कुठल्या तरी देशातल्या माणसांच्या लक्षात आलं, की आपल्याकडच्या शिक्षणात सुधारणा व्हायला हवी, आणि सुधारणा करायची तर आधी माहिती हवी. त्यांच्या मदतीने योजना आली. योजनेबरोबर बावीस पानी तक्ता आला, आणि तक्त्यामागोमाग दोन दिवसांचं प्रशिक्षण. प्रशिक्षणात एक साहेब म्हणाले, यापुढे मुख्यालयात बटण दाबलं की प्रत्येक मूल दिसेल. दुपारच्या जेवणानंतरची वेळ होती. शाळेत गेलं तरी मूल दिसतं, असं कुणी म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही. मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि मला उगीचच बरं वाटत होतं. तीस वर्षं मी वह्या भरल्या होत्या, वरच्या वहीतून खालच्या वहीत आणि खालच्या वहीतून वरच्या वहीत. कुणी तरी एकदा हे सगळं वाचणार आहे, या कल्पनेनेच मला गुदगुल्या झाल्या होत्या. आता त्याने वाचलं होतं, आणि पहिल्याच वाचनात तो म्हणाला होता, हे खोटं हाय.

खोटं तसं नव्हतं. दर जूनमध्ये शाळेच्या पायरीवर बाप उभा राहतो, नाही तर आई, आणि त्यांच्या मागे मूल. गुरुजी विचारतात, कधीचं? भात कापत होतो तवाचा. किंवा, हिच्या मामाचं लगीन झालं त्या साली. गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगतात. लागला की सहा पूर्ण. मग सहा वर्षं मागे मोजायची आणि एक जून लिहायचा. शाळा सुरू होताना मूल बरोबर सहाचं भरतं, कुणाची तक्रार नसते, हिशेब सोपा होतो. मीही शेकडो मुलांना असं जन्माला घातलं आहे. त्यांतली कित्येक आता कंपनीत शिफ्टला जातात आणि एकाच दिवशी रिटायर होणार आहेत. आणि माझं काय वेगळं आहे? आमचं घर रोह्याच्या पलीकडे अष्टमी गावात, आम्हा ज्यूंच्या गल्लीत. आई मला शाळेत घालायला घेऊन गेली तेव्हा म्हणाली होती, गुरुजी, हा झाला तेव्हा चुलीवर खिरीच्या सणाची खीर होती. गुरुजींनी विचारलं, हा तुमचा खिरीचा सण कुठल्या महिन्यात येतो? आई म्हणाली, कधी भाद्रपदात, कधी आश्विनात, तो मागेपुढे होतो. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, टाक शाईत बुडवला आणि जोसेफ अष्टमकर एक जून एकोणीसशे बेचाळीस रोजी जन्मला. भाद्रपद-आश्विन बुडाले, खीर बुडाली. सरकार मला दोन हजार सालच्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी पाठवणार आहे, तीन-चार महिने आधीच. आई जाऊन बावीस वर्षं झाली. तो दिवस आता कुणालाच सांगता येणार नाही. तिच्याबरोबरच्या सगळ्या बायका एक तर मातीत आहेत, नाही तर समुद्रापलीकडे, जिथे माझा मुलगा जोनाथन आहे आणि तिथून दर पत्रात विचारतो, तुम्ही दोघं कधी येता.

त्या संध्याकाळी एस.टी.तून उतरून कुंडलिकेच्या पुलावरून चालत घरी गेलो तो भोकांचा कागद काखेत घेऊन. सिपोरा तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं नाही. “म्हणजे आता नऊशे पोरांचे वाढदिवस तुम्ही ठरवणार,” ती म्हणाली. मी म्हटलं, मी नाही, शिक्षक ठरवणार, मी फक्त सही करणार. “एकतीस वर्षं झाली लग्नाला,” सिपोरा म्हणाली, “स्वतःचा एक धड सांगता आला नाही. मी कधी काय गोडधोड करायचं ते कळलं नाही. गल्ली रिकामी झाली, अख्खी जमात गेली उडून, आणि हे बसलेत तारखा वाटत!” तिला हसू आलं. मलाही आलं. पण रात्री जेवताना मी तो कागद पुन्हा उलगडून बसलो. मशीन म्हणत होतं ते बरोबरच होतं. फक्त ते इतक्या उशिरा आणि इतक्या लांबून म्हणत होतं, की त्या बरोबर असण्याचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी बारा शाळांचे शिक्षक पटाच्या वह्या घेऊन आले आणि आम्ही मुलांना पुन्हा जन्म द्यायला बसलो. प्रविण गुरुजी खाडीकाठच्या धाकटं खार नावाच्या वस्तीवर एकट्याने शाळा चालवायचा. त्याचा भाऊ धाटावला कंपनीत होता. त्यामुळे त्याने शिफ्टचा तक्ता असतो तसा तक्ता करून आणला होता: पहिल्या बाकावरची मुलं जानेवारी ते एप्रिल, दुसऱ्या बाकावरची मे ते ऑगस्ट. “आणि साप्ताहिक सुट्टी?” कुणी तरी विचारलं. “रविवारी कोणी जन्मायचं नाय,” प्रविण म्हणाला. इंदुबाई सगळ्यांत जुन्या. त्या कॅलेंडर मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि दर थोड्या वेळाने ओरडत होत्या, “अरे, अमावास्या टाळा रे! लेकरांनी काय घोडं मारलंय तुमचं?” “बाई, पंच्याऐंशी सालची अमावास्या या कॅलेंडरात कुठं दिसणार?” “नाय दिसली तरी टाळा!” सकाळी हसणं होतं. दुपारी हसणं थांबलं आणि नुसता पेनांचा आवाज राहिला. चार वाजता मी पाहिलं, इंदुबाई कॅलेंडर मिटून एकाखाली एक तारखा लिहीत होत्या, पाच, सहा, सात, आठ, आणि मुलांच्या नावांकडे बघतही नव्हत्या. माझ्या डोळ्यांपुढे नऊशे बायका आल्या, नऊशे खोपट्यांतल्या, घामाने भिजलेल्या, आणि आम्ही कारकून प्रत्येकीच्या कानाशी लागून सांगत होतो, बाई, आज नको, आज शंभरात पाच भरले, उद्या या. त्या घाईत कुणी तरी एका मुलाला तीस फेब्रुवारी दिली. नम्रताच्या मशीनने तेवढी एकच परत पाठवली. बाकी सगळी खरी मानली.

यादी पुरी होत आली तेव्हा मला ते सहन होईना. सहन होईना म्हणजे फार काही नाही, मी चहा घेतला नाही. वाटलं, यांतलं एक तरी खरं असू दे. अकराशे त्रेचाळिसांत एक. त्याने कुणाचं काय बिघडणार होतं? प्रविणच्या यादीत शेवटचं नाव शकूचं होतं. धाकट्या खारातली मिठागरावर काम करणाऱ्या सीताबाईची मुलगी, चौथीत गेलेली. मी तिला पाहिलं होतं. तपासणीच्या दिवशी मी फळ्यावर भागाकार घातला, तर तिने तो सोडवला आणि वर म्हणाली, “गुरुजी, तुमचा आकडा चुकलाय, बाकी राहते.” राहत होती. प्रविण तिला एका सरकारी निवासी शाळेच्या निवड परीक्षेसाठी शाळा सुटल्यावर शिकवत होता. धाकट्या खारात शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी खाडीचा बांध धरून दीड तास चालायचं, आणि तिथल्या मुली चालत नाहीत, मिठावर जातात. ती निवड परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, चौथीत असताना. प्रविण म्हणाला होता, “सर, बाकी कोणाचं सांगत नाय. ही लागणार.” म्हणून मी तिची निवड केली. मला वाटलं, मी तिला काही तरी देतो आहे.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या खारात गेलो आणि सीताबाईला विचारलं, शकू कधीची? तिला प्रश्न कळेना. शाळेत लिवलाय ना, म्हणाली. मी म्हटलं, ते राहू दे, खरोखर कधीची? ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि एकदम दुसऱ्याच आवाजात सांगू लागली. “उधाण होता, गुरुजी. पुनव झालेली. भर दुपारी बांधाला ही एवढी खांड पडली आन् खाडी भातात शिरली. सगले बापये बांधावर धावले. माझ्यापाशी कोन नाय, एक म्हातारी तेवढी. शकू झाली तवा त्या पायरीला पानी लागला होता. म्हातारी बोलली, पोरीला पानी बगाया आला.” तिने ती पायरी मला दाखवली. मीही पाहिली. कोणतं साल, ते तिला नक्की सांगता येईना. पण बांध फुटला की पंचनामा होतो. तीन दिवस मी तहसीलच्या जुन्या कागदांच्या खोलीत धूळ खाल्ली. चौथ्या दिवशी तलाठ्याच्या वळणदार अक्षरात तो मला सापडला: गुरुवार, दिनांक वीस जुलै एकोणनव्वद, काल दुपारी भरतीच्या वेळी मौजे धाकटं खार येथील बांधास खांड पडून. काल. म्हणजे एकोणीस जुलै. मी खुर्चीत बसून राहिलो. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात एका माणसाचा जन्म होता, वारासकट, भरतीसकट. मी त्या कागदाची खरी नक्कल काढून घेतली आणि तक्त्यात ‘पुरावा’ नावाचा एक रकाना होता, ज्यात बाकी सगळ्यांपुढे ‘नाही’ लिहिलं होतं, तिथे शकूच्या नावापुढे ‘आहे’ लिहिलं. नम्रताला फोन करून सांगितलं, हे नीट भर. “सर, हिचा वाढदिवस खरा हाय?” तिने विचारलं. खरा आहे, मी म्हणालो. “बाय गो,” ती म्हणाली. फ्लॉपी वेळेत गेली.

त्या एकोणीस जुलैला रविवार होता. सोमवारी मी मुद्दाम धाकट्या खारात तपासणी काढली. शकूने वर्गात पेपरमिंटच्या गोळ्या वाटल्या आणि एक मला दिली. वर्गातल्या इतरांनी तिच्याकडे जरा संशयानेच पाहिलं, कारण वाढदिवस ही वस्तू त्यांच्यातल्या कुणाकडे नव्हती. “गुरुजी, मी दुपारची हाय,” ती मला म्हणाली. संध्याकाळी मी सिपोराला ती गोष्ट दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगत होतो तेव्हा ती म्हणाली, “दुसऱ्याच्या लेकराची तारीख सापडली तर एवढं तोंड फुललंय.” मग थोड्या वेळाने, भाकरी उलटताना, “बरं केलंत.” मला वाटतं त्या वर्षातला तेवढा एक दिवस मी सुखात होतो. ते लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण नंतर मला त्याची लाज वाटली.

परीक्षेला बसणाऱ्यांची यादी जानेवारीत आली. निवड परीक्षेचे अर्ज त्या वर्षी प्रथमच संगणकातल्या माहितीवरून तपासले गेले होते, कुणालाही काही लिहावं लागलं नव्हतं. आमच्या केंद्रातून नऊ मुलं बसणार होती. आठांपुढे ‘पात्र’. त्या आठांच्या तारखा इंदुबाईंनी चार वाजल्यानंतर लिहिल्या होत्या. नवव्या नावापुढे ‘अपात्र, वय’. तीस जून नव्व्याण्णव रोजी दहा वर्षं पूर्ण हवीत, अशी अट होती. एक जूनला जन्मलेली शकू दहा पूर्ण करून वर महिनाभर शिल्लक राहत होती. एकोणीस जुलैला जन्मलेली शकू एकोणीस दिवसांनी लहान होती. मी बोटांवर मोजलं. मग कागदावर मोजलं. मग प्रविण सायकल टाकून आत आला आणि मला म्हणाला, “सर, तुम्ही काय केलंत हो?” तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी साहेब होऊन उत्तर दिलं असतं. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, “मी तर तिला दुसऱ्या शिफ्टला टाकली होती. दहा मे.”

मी नम्रताकडे गेलो. तिच्या क्लासमध्ये पाच-सहा पोरं मशीनवर रंगीत चौकोन काढत होती. “सर, बाकी कोणाची पण बदलून देते,” ती म्हणाली, “अकराशे बेचाळीस. हव्या तेवढ्या वेळा. हिची नाय बदलत. तुम्ही पुरावा हाय टाकलंत ना, तिथं कुलूप पडतं.” तिने मला करून दाखवलं. तिने आकडा दाबला, मशीनने टुक असा आवाज केला आणि एकोणीस जुलै तसाच राहिला. पुन्हा दाबला. पुन्हा टुक. पोरं वळून बघायला लागली तेव्हा मी म्हटलं, पुरे. त्यानंतर मी जिल्ह्याच्या साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. साहेब चांगला माणूस होता, त्याने मला बसायला सांगितलं. फाइल बघून त्याचा चेहरा उजळला. “अष्टमकर, पुराव्यानिशी दिलेली तारीख! तीही पंचनाम्यावरून! मी बैठकीत दाखवणार आहे.” मी म्हणालो, साहेब, ती चुकीची आहे असं समजा. “पंचनामा चुकीचा आहे?” नाही. “मुलगी त्या दिवशी झाली नाही?” झाली. “मग?” पंखा फिरत होता. “तुम्हीच सांगा,” साहेब अगदी मऊपणाने म्हणाला, “खोटं असतं तर मी आत्ता दुरुस्त केलं असतं. खरं आहे ते कुठल्या नियमाखाली दुरुस्त करू?” शिवाय हरकती घेण्याची शेवटची तारीख यादी येण्याच्या आठ दिवस आधीच होऊन गेली होती. जाताना त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, असे केंद्रप्रमुख सगळीकडे हवेत.

परतताना एस.टी.त मी खिडकीशी बसलो होतो आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी शकूसाठी केलं असं मला वाटत होतं. पण त्या जुन्या कागदांच्या खोलीत मी शोधत होतो तो दिवस शकूचा होता का? शकूला तारीख नको होती. सीताबाईलाही नको होती. तिला पायरीवरचं पाणी आठवत होतं, तेवढं पुरत होतं. तारीख मला हवी होती. एका म्हाताऱ्या होत चाललेल्या कारकुनाला मरण्याआधी एकदा तरी खरं काही लिहायचं होतं, आणि ते लिहायला त्याने दुसऱ्याचं मूल घेतलं. इंदुबाईंनी नावांकडे न बघता लिहिलं आणि आठ मुलं पार झाली. मी नाव बघून लिहिलं. गाडीत कुणी तरी सुकी मासळी नेत होतं, तिचा वास येत होता, आणि मला रडू येईल असं वाटलं, पण मला नुसती शिंक आली.

सांगायला मीच जायचं असं ठरवलं. प्रविणने यायची तयारी दाखवली, मी नको म्हटलं. मिठाचा हंगाम नुकता सुरू झाला होता. चौकोनी वाफ्यांतलं पाणी उन्हात पांढरं चमकत होतं आणि डोळे उघडे ठेवता येत नव्हते. सीताबाई लाकडी फळीने वाफ्याच्या कडेला मीठ ओढत होती. मला पाहून ती बांधावर आली, पदराने तोंड पुसलं. “शकूचं काय झाला, गुरुजी?” मी वाटेत जे ठरवलं होतं ते सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं. तारीख मी काढली, तारखेमुळे गेली, चूक माझी. तिच्या पायांच्या भेगांत मीठ भरलं होतं. मी म्हणालो, “मशीनने नाव घेतलं नाही. मशीनची चूक.” हे बोलताना माझा आवाज इतका सरळ निघाला की मलाच ते पटलं.

तिने खाडीकडे पाहिलं. “मंग चौथी होऊ दे,” ती म्हणाली. “आन् मंग हाय हीत.” तिने हातातली फळी दुसऱ्या हातात घेतली. मी काही तरी बोलायला लागलो तशी तिने मला थांबवलं. “तुमी नका जिवाला लावून घेऊ, गुरुजी. मशीनला काय कलतंय? तुमी तिच्यासाठी केवढी धावपल केलीत, पोरगी सगल्यांना सांगते. माजा दिवस गुरुजींनी शोधला म्हनते.” मी मान हलवली. मला तिथून निघायचं होतं. पण ती आता जरा लाजल्यासारखी हसत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “एक सांगू का? शकूच्या पाठची हाय ना माजी, शेवंती, ती जूनला शालंत जाईल. तिची पन काढून द्या, खरी. ती कवाची ते सांगते मी तुमाला. होळी पेटायची होती, लाकडा आनायला गेलेले सगले, आन् माजा भाऊस आलेला उरनवरना, त्याच्या हातात कोंबडा होता...”

ती सांगत राहिली. कोंबड्याचा रंग, भावाने काय म्हटलं, किती दिवस ताप होता. तिला सगळं आठवत होतं. एकदम थांबून ती म्हणाली, “लिवून घ्या ना, गुरुजी. नाय तर इसराल.”

मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि ती बघते आहे तोपर्यंत कोऱ्या पानावर पेन फिरवत राहिलो, टोक कागदाला लागू न देता.